हळदीचं गाणं आपल्याला फक्त भिंतीतूनच का ऐकू येतं?

(पोस्ट मोठी आहे. गाडीत बसायला जागा मिळाली असेल तरच सुरू करा.)

‘एफएमवर जरा वेगळं संगीत का लागत नाही?’ या एका प्रश्नावरून आमच्या मित्रमंडळींत सध्या जोरदार जुंपली आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथली माणसं. बहुतेक पन्नाशीच्या अलीकडची-पलीकडची, आणि मधे मधे त्यांची कॉलेजात जाणारी मुलं.

सुरुवात झाली ती ‘अल्टरनेटिव्ह’ या शब्दावरून. एकाच्या मते अल्टरनेटिव्ह म्हणजे गिटार, ड्रम, स्वतः लिहिलेली आणि कुठल्याही सिनेमात नसलेली गाणी. दुसरा म्हणाला, सिनेमात नसलेलीच हवीत ना, मग भावगीतं घ्या की, ती तरी कुठे लागतात? वयाने सगळ्यात लहान असलेली मुलगी म्हणाली, काका, आधी मराठी रॅप ऐका, मग बोलू. आणि मग कुणीतरी गमतीत म्हणालं, ‘आमच्याकडे तर रात्री एकपर्यंत अल्टरनेटिव्ह रेडिओ चालू असतो. बाजूच्या गावात हळद असली की झालं.’

सगळे हसले. कल्याण-शीळ रस्त्याकडचा आमचा एक आगरी मित्र मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘तुम्ही आमचं गाणं ऐकलेलंच नाही. तुम्ही फक्त बेस ऐकलाय, तोही खिडकी बंद करून.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट.

कारण त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. मी डोंबिवलीत वाढलो. आमच्या इमारतीपासून गावठाण चालत दहा मिनिटांवर. इतक्या वर्षांत त्या गावातली शेकडो हळदीची गाणी माझ्या कानावर आदळली असतील. पण त्यातलं एकही मी निवांत बसून, शब्द नीट समजून घेत, आवाज हवा तेवढा ठेवून ऐकलेलं नव्हतं. तशी सोयच नव्हती. शेजाऱ्याचं गाणं आपल्या घरात रीतसर, दारातून येण्याचा एक रस्ता असायला हवा. पूर्वी तो रस्ता म्हणजे रेडिओ होता. आता आमच्या भागात तो रस्ता बंद आहे, म्हणून गाणं भिंतीतून येतं आणि त्याला आपण गोंगाट म्हणतो.

आधी आपल्या पट्ट्यात काय काय वाजतं ते बघा. कळव्यापासून मलंगगडापर्यंत आगरी आणि कोळी गाणी आहेत. लग्नात धवळे गाणारी धवलारीण आहे. हे जरा थांबून सांगायला हवं. आगरी लग्नात धवलारीण नुसती गाणी म्हणत नाही, तिच्या गाण्यावर विधी पुढे सरकतात, जवळजवळ पुरोहिताचाच मान. आणि धवळे हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत वाचलाय. महानुभावांची महदंबा, तेराव्या शतकातली, मराठीतली आद्य कवयित्री, तिने रचले ते धवळे म्हणजे लग्नगीतंच. पुस्तकात महदंबेवर टीप लिहून आपण मार्क मिळवले, आणि तोच शब्द जगणारी बाई स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहते हे कुणी सांगितलं नाही.

पुढे या. कल्याण म्हणजे शिंदे घराणं. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाशिवाय आषाढी एकादशी होत नाही आणि शिंद्यांच्या आवाजाशिवाय चौदा एप्रिल होत नाही. भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाली, लोकगीतं सगळं एकाच घरात. आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटच्या काळात महाराष्ट्र हलवला, ‘नवीन पोपट हा’ ठाऊक नसलेला माणूस सापडणार नाही. हे सगळं रेडिओच्या मदतीशिवाय झालं. कॅसेट, टपरी, बँडवाले आणि एसटी स्टँडवरचे स्पीकर यांनी केलं.

उल्हासनगरात सिंधी लग्नांत ‘लाडा’ गातात. मलंगगडावर उरुसात कव्वाली असते. कल्याण गायन समाजासारखी जुनी संस्था शास्त्रीय गाण्याची बैठक सांभाळून आहे. सकाळच्या लोकलमध्ये टाळ घेऊन बसणारी भजनी मंडळं आहेत, काहीजण त्यांच्यावर वैतागतात, पण त्यातले कित्येक आवाज खरोखर तयारीचे असतात. आणि आता फोनवर बीट बनवून स्वतःच्या बोलीत रॅप करणारी पोरं आहेत. आमच्याच सोसायटीत एक आहे. गाणं लिहितो, रेकॉर्ड करतो, टाकतो, आणि मग रात्री पुन्हा पुन्हा फोन उघडून किती जणांनी ऐकलं ते बघत बसतो.

आता एफएम लावा आणि यातलं काय ऐकू येतं ते सांगा. हिंदी सिनेमातली गाणी. नवी, जुनी, फार जुनी. स्टेशन बदललं तर निवेदकाचा आवाज बदलतो, यादी साधारण तीच. मराठी गाण्यांचाही वाटा अंगावर येईल असा नाही.

मराठीवरून आठवलं. संगीतकार कौशल इनामदार यांनी मराठी अभिमानगीत का केलं, हे त्यांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे. एका खासगी एफएम स्टेशनवर गेले असताना त्यांना कळलं की मराठी गाणी लावायची नाहीत असं तिथलं धोरणच आहे, कारण त्याने स्टेशन ‘डाउनमार्केट’ वाटेल. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत. त्या रागातून त्यांनी शंभरावर नामवंत गायक आणि त्यांच्या मागे तीनशेवर जणांचा कोरस उभा केला, सुरेश भटांची कविता घेतली आणि २०१० च्या मराठी भाषा दिनी गाणं लोकांसमोर आणलं. राजकीय पक्षांनीही स्टेशनांना इशारे दिले. मग मराठी गाणी थोडी थोडी लागायला लागली.

पण कोणती मराठी गाणी? मुख्यतः सिनेमातली. म्हणजे ‘मराठी डाउनमार्केट नाही’ हे मान्य करून घेतलं, पण मराठीतही काय अपमार्केट आणि काय डाउनमार्केट ही वाटणी तशीच राहिली. ज्या शब्दाने आपल्याला तेव्हा झोंबलं, तोच शब्द आपण हळदीच्या गाण्याला लावतो. आमच्या मित्रमंडळीत त्या दिवशी जे हसणं झालं, ते तेच होतं.

आगरी बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. ‘पानी’ म्हटलं की आपण पोराला टोकतो. त्याच बोलीतलं गाणं लग्नात लागलं की मात्र आपण सगळे नाचतो, वरातीत हात वर करून. नाचायला चालतं, ऐकायला चालत नाही. हा काय प्रकार आहे?

रेडिओ असा का झाला, हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ. भावगीतवाल्या मित्रांसाठी विशेष.

१९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? शांतपणे रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ मध्ये तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. हुकमाने आवड बदलत नाही, हा पहिला धडा.

पण त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक नवं गाणं लोकांना दिलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, एकूण ५६ गाणी. ते गीतरामायण. कुणा निर्मात्याने सिनेमासाठी केलेलं नव्हे, रेडिओने रेडिओसाठी करवून घेतलेलं. मुंबई केंद्रावर यशवंत देवांसारखा माणूस नोकरीला होता आणि नव्या कवींना, नव्या गायकांना घेऊन गाणी बांधत होता. आज आपण ज्याला भावगीतांचं सोनेरी युग म्हणून उसासे टाकतो, ते बऱ्याच अंशी रेडिओने पोसलेलं आहे. त्या वेळी तीच गाणी ‘वेगळी’ होती, सिनेमाबाहेरची होती, नव्या पोरांची होती. तेव्हा रेडिओने नव्याला जागा दिली म्हणून ती आज जुनी आणि आवडती झाली. हा दुसरा धडा. तो आपण विसरलो.

रॉकवाल्या मित्रांची गोष्ट पुढची. १९९३ मध्ये आकाशवाणीने एफएमवरचा वेळ खासगी कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. टाइम्स एफएम आलं. १९९८ ला ते बंद झालं. मग २००२ च्या सुमारास मुंबईत खासगी स्टेशनं स्वतःच्या परवान्याने सुरू झाली. त्यात गो ९२.५ नावाचं एक होतं, इंग्रजी गाणी लावणारं. सकाळी जग्गू आणि तराना. मी तेव्हा रोज डोंबिवलीहून फास्ट गाडीने व्हीटीला जायचो, कानात वॉकमन. पारसिकच्या बोगद्यात शिरलं की खरखर सुरू, आणि तो सव्वा किलोमीटर संपून कळव्याच्या बाजूला बाहेर पडलं की गाणं परत. अर्ध्या डब्याचं हेच. ज्या गाण्याचं कडवं बोगद्यात गेलं, ते पुन्हा कधी लागेल याची वाट बघण्यात मजा होती.

काही वर्षांत गो चं रेडिओ वन झालं आणि हिंदी गाणी आली. पुढे बऱ्याच वर्षांनी ते स्टेशन पुन्हा इंग्रजीकडे वळलं, पण तोवर आमची पिढी पांगली होती. विन ९४.६ तर बंदच पडलं. चाहते तेव्हा म्हणायचे, मालकांना संगीताची जाण नाही. जाणीचा प्रश्न थोडा असेल, हिशेबाचा जास्त होता. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क लिलावात ठरलेलं होतं, मुंबईसाठी वर्षाला कोट्यवधी रुपये, आणि ते दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढत होतं. पंधरा टक्के म्हणजे पाच वर्षांत दुप्पट. जाहिराती त्या वेगाने वाढत नव्हत्या. २००५ नंतर सरकारने ही पद्धत बदलली, उत्पन्नाच्या चार टक्के असा हिस्सा ठरवला, त्यामुळे स्टेशनं तगली. पण प्रवेशाची किंमत मोठीच राहिली. २०१५ च्या लिलावात मुंबईतली एक फ्रिक्वेन्सी पंधरा वर्षांसाठी १२० कोटींच्या वर गेली.

आता तुम्ही सांगा, सव्वाशे कोटी मोजून बसलेला माणूस कळव्याच्या पोराचं रॅप लावेल, की ज्यावर कुणीच स्टेशन बदलत नाही असं गाणं लावेल? जाहिरातदाराला मुंबईभरचा श्रोता हवा असतो, म्हणून गाणं असं निवडायचं की कुलाब्यापासून कर्जतपर्यंत कुणालाच खटकू नये. कुणालाच न खटकणारं गाणं म्हणजे सिनेमाचं. यात दुष्टपणा नाही. पण या हिशेबात आपण कुठेच बसत नाही.

आणि आपण म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर, कल्याण-डोंबिवली महापालिका साडेबारा लाखांच्या जवळ. दोन्ही मिळून तीस लाखांच्या पुढे, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली. कोल्हापूर शहर त्याच जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास. कोल्हापूरला स्वतःची खासगी एफएम स्टेशनं आहेत, टोमॅटो एफएम आहे, तिथे कोल्हापूरच्या रस्त्यांची, कोल्हापुरी भाषेची, मराठी गाण्यांची चर्चा चालते. ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला स्वतःचं खासगी स्टेशन नाही. कागदोपत्री आपण मुंबईच्या परवान्यात मोडतो. म्हणजे आपल्याला ऐकू येतं सगळं, पण आपलं कुणाला ऐकू जात नाही. ट्रॅफिकच्या बातमीत काटई नाक्याचं नाव किती वेळा ऐकलंत?

‘हक्कांची कटकट असते, म्हणून स्थानिक गाणी लावत नाहीत,’ असं एक कारण नेहमी पुढे येतं. हे फारसं टिकत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात कलम ३१-ड आलं. एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं रेडिओला आधी नोटीस देऊन आणि ठरलेल्या दराने रॉयल्टी भरून वाजवता येतं. मालकाने ‘नाही’ म्हणायचा प्रश्नच उरत नाही. त्याच दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीलाही संरक्षण दिलं, तो हक्क ध्वनिमुद्रण कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही.

इथे खरा पैशाचा मुद्दा येतो. कॅसेटच्या काळात कलाकाराने एकरकमी पैसे घ्यायचे आणि गाणं सोडून द्यायचं ही पद्धत सर्रास होती. ते गाणं पुढे तीस वर्षं प्रत्येक हळदीत वाजलं तरी लिहिणाऱ्याच्या घरी काही आलं नाही. आजचा पोरगा स्वतःच्या चॅनेलवर टाकतो, तिथे लाखात व्ह्यूज आले तर काही मिळतं, हजारात आले तर चहा-वडापाव. डीजेवर वाजलं तर टाळ्या. रेडिओ हे असं माध्यम आहे जिथे प्रत्येक वाजवण्याचा हिशेब ठेवावा लागतो आणि पैसे द्यावे लागतात. म्हणून आपली गाणी रेडिओवर लागणं ही फक्त मानाची गोष्ट नाही. त्यात घामाचा मोबदला आहे.

‘पण आता रेडिओ ऐकतं कोण? सगळं फोनवर आहे,’ हा मुलांचा मुद्दा. योग्य आहे, आणि त्यांच्या बाजूने पुरावेही आहेत. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये देशभर गाजलं ते रील्सवरून. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ थेट स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या नामांकित लेबलवर गेलं. मुंबईच्या स्वदेशी या गटाने मराठीत रॅप करून आरेच्या जंगलातल्या वारली माणसांचं दुःख मांडलं. यातलं कुणीही एफएमच्या दारात थांबलं नाही.

तरीही मला वाटतं मुलांचं गणित एका ठिकाणी चुकतंय. फोन मला काय ऐकवतो? मी काल जे ऐकलं त्याच्यासारखं. मी भावगीत ऐकलं की पुढची पन्नास भावगीतं. मुलगी रॅप ऐकते, तिला रॅप. आमच्या आगरी मित्राला आगरी. एकाच इमारतीत, एकाच डब्यात आम्ही तिघे बसलेलो असतो आणि तिघांच्या कानात तीन वेगळी गावं. मला न विचारता, मी न शोधता, शेजाऱ्याचं गाणं तो फोन मला देत नाही. रेडिओ देतो. ‘आपली आवड’मध्ये माझ्या आजीच्या फर्माइशीनंतर कुणा अनोळखी गावातल्या माणसाची फर्माइश लागायची आणि आजी ती पण ऐकायची, कारण पुढे तिचं नाव येणार असायचं. कामगारसभेत गिरणगावचं गाणं आमच्या घरात येऊन बसायचं. त्यातून आवडायचंच असं नाही. पण हे गाणं कुणाचं आहे, ते माणूस म्हणून कसं आहे, एवढं कळायचं.

आणि रेडिओ पूर्ण मेलेला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना सल्ला दिला की फोनमधली एफएमची सोय बंद करू नका, आपत्तीत तिचा उपयोग होतो. २६ जुलै २००५ ज्यांनी इथे काढलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

बाहेर काय करतात तेही बघा. कॅनडाने १९७१ पासून रेडिओवर कॅनडातल्या संगीताचं किमान प्रमाण ठरवून दिलं. फ्रान्सने १९९० च्या दशकात फ्रेंच गाण्यांना ४० टक्के जागा कायद्याने दिली. आपल्याकडे असा कोटा यावा असं कित्येकांना वाटतं. मला मनापासून पटत नाही. केसकरांची गोष्ट वर सांगितली. कोटा आला की पहाटे पाचला सगळी मराठी गाणी उरकून टाकतील आणि कागद पूर्ण करतील.

मला जास्त भावतो तो ऑस्ट्रेलियाचा रस्ता. तिथे सरकारी प्रसारण संस्थेचंच तरुणांसाठीचं एक स्टेशन आहे, ट्रिपल जे. १९७५ मध्ये सिडनीत सुरू झालं, पुढे देशभर गेलं. १९९५ मध्ये त्यांनी ‘अनअर्थ्ड’ नावाचा उपक्रम काढला. गावोगावच्या, लेबल नसलेल्या बँड्सनी गाणी पाठवायची, निवडलेली रेडिओवर वाजायची. लिलावाचे पैसे वसूल करायचे नसल्यामुळे त्यांना नवं गाणं लावून बघणं परवडतं. ब्रिटनमध्ये बीबीसीवर जॉन पील १९६७ पासून २००४ मध्ये मरेपर्यंत हेच करत होता. म्हणजे वेगळ्या संगीताला घर मिळालं ते सार्वजनिक रेडिओवर. आपल्याकडे सार्वजनिक रेडिओ आहे, मुंबई केंद्र आहे, अस्मिता वाहिनी आहे. एकेकाळी याच घराने गीतरामायण करून दाखवलंय.

तर मागण्या. भांडण पुरे, आता कामाचं बोलू.

पहिली, आकाशवाणीकडे. आठवड्यातून एक तास ठाणे जिल्ह्यातल्या नव्या गाण्यांना द्या. आगरी, भीमगीत, रॅप, बँड, भजन, सिंधी, सगळं एकाच तासात, एकामागून एक. वेगवेगळे कप्पे करू नका. आणि धवलारणींचं ध्वनिमुद्रण करा. त्या बायका वयस्क आहेत. त्यांच्या नाती ब्युटी पार्लरचा कोर्स करतायत, त्यात वाईट काही नाही, पण धवळे पुढे जाणार नाहीत.

दुसरी, आपल्या कॉलेजांकडे आणि संस्थांकडे. २००६ च्या धोरणापासून शिक्षणसंस्थांबरोबरच नोंदणीकृत सामाजिक संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचा परवाना मिळू शकतो. ताकद शंभर वॉट, पोहोच साधारण दहा-पंधरा किलोमीटर. डोंबिवलीत एक टॉवर उभा केला तर कल्याण, उल्हासनगर, दिवा आणि सत्तावीस गावं जवळपास सगळी आली. कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक बनवावे लागतात, आपल्याला तेच हवंय. मुंबई विद्यापीठाने ‘मस्ट’ सुरू केलं, पुणे विद्यापीठाने विद्यावाणी, आणि माणदेशात म्हसवडसारख्या दुष्काळी गावात माणदेशी तरंग चालतं. म्हसवडला जमतं ते डोंबिवलीला का जमू नये? परवानग्यांचा रस्ता लांब आहे, चार खात्यांत कागद फिरतात, हे मान्य. पण डिसेंबरात क्रीडासंकुलात आगरी महोत्सव उभा करणारी आणि पाडव्याला स्वागतयात्रा काढणारी माणसं आपल्याकडे आहेत. चिकाटीचा तुटवडा नाही.

तिसरी, गाणाऱ्या पोरांकडे. गाणं बाहेर काढण्याआधी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेत नाव नोंदवा. कुणी ‘दहा हजार घे आणि सही कर’ म्हटलं तर सही करण्याआधी कुणा जाणकाराला कागद दाखवा. आधीच्या पिढीचं गेलं तेवढं पुरे.

चौथी आमच्या आगरी मित्राकडे, आणि ती मी त्याच्या तोंडावर बोललोय. रात्री दहानंतर डीजे बंद. नियम २००० सालापासून आहे, आणि बाजूच्या इमारतीत परीक्षेचं पोर असतं, ऑपरेशन झालेली म्हातारी असते. तुझं गाणं त्यांना शत्रू वाटू नये असं वाटत असेल तर एवढं कर. तो म्हणाला, ‘करतो. पण मग तू ते दिवसा ऐकशील का?’

गेल्या आठवड्यात त्याने मला बारा गाण्यांची यादी दिली. हेडफोन लावून, आवाज निम्म्यावर ठेवून ऐकली. तीन ठीक वाटली, पाच डोक्यावरून गेली. उरलेल्या चारात खाडी आहे, मिठागरं आहेत, गेलेली शेती आहे, एकविरेला निघालेली बस आहे, आणि बिल्डरला जमीन दिल्यावर रिकामा बसलेला बाप आहे. हे शेवटचं गाणं नाचाच्या ठेक्यावर आहे. मी त्यावर वरातीत नाचलोसुद्धा असेन.

ज्यांना ती यादी हवी असेल त्यांनी खाली सांगा, पाठवतो. आणि आकाशवाणीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार आहे. ठाणे ते बदलापूर, कोणत्याही संगीताचे चाहते असा, सही करायला या. रविवारी संध्याकाळी पाच वाजता डोंबिवली पूर्वेला भेटतोय. येताना आपल्या आवडीचं एक गाणं आणा, आणि दुसऱ्याचं एक ऐकायची तयारी.